३० ऑगस्टचे गणित: जनरल इल्केर बाशबू यांच्या कारकिर्दीचे प्रकरण

तुर्कस्तानच्या सैन्यात जनरलचे भवितव्य ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठरते आणि ३० ऑगस्टला अमलात येते. १९२२ साली याच तारखेला दुमलुपिनारच्या लढाईत ग्रीक सैन्याचा निर्णायक पराभव झाला, म्हणून तो विजयदिन. त्या दिवशी बढती मिळालेल्यांच्या खांद्यावर नवी चिन्हे चढतात. ज्यांची मुदत भरली पण वरची जागा मिळाली नाही, ते निवृत्त होतात. निर्णय घेणाऱ्या मंडळाचे नाव युक्सेक आस्केरी शुरा, म्हणजे सर्वोच्च लष्करी परिषद. बोलण्यात आणि बातम्यांत तिला ‘याश’ म्हणतात.

इल्केर बाशबू या वेळापत्रकाच्या एकेक पायरीने चढत २००८ मध्ये देशाचे २६वे जनरल स्टाफ प्रमुख, म्हणजे तिन्ही दलांचे सर्वोच्च अधिकारी, झाले. ऑगस्ट २०१० मध्ये सन्मानाने निवृत्त झाले आणि पुढच्या सोळा महिन्यांत, ६ जानेवारी २०१२ रोजी, दहशतवादी संघटनेचे म्होरके असल्याच्या आरोपाखाली इस्तंबूलजवळच्या सिलिव्रीच्या तुरुंगात पोहोचले. या प्रकरणाची मांडणी बहुतेक वेळा ‘सरकार विरुद्ध सैन्य’ अशी होते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. ज्या वेळापत्रकाने हे जनरल घडवले, त्याच वेळापत्रकातून त्यांच्या फळीवर घाव घालता आला. बढतीची तारीख ठरलेली असेल, तर अधिकाऱ्याला दोषी ठरवायची गरज उरत नाही. त्या तारखेपुरता तो अडवला की पुरते.

वर चढण्याचे नियम

२०१६ पूर्वीची व्यवस्था अशी होती. ब्रिगेडियर जनरलपासून पुढे प्रत्येक हुद्द्यावर चार वर्षांची प्रतीक्षा. मुदत संपली की याश त्या अधिकाऱ्याला वर घेते, वर्षभराची मुदतवाढ देते किंवा ‘जागा नाही’ या कारणाने निवृत्त करते. हे तिसरे कारण शिक्षा मानले जात नाही. वर जागा कमी असल्याने बहुतेक जनरल याच मार्गाने बाहेर पडतात. पूर्ण जनरल, ज्याला तिथे ‘ऑर्गेनेराल’ म्हणतात, त्याची वयोमर्यादा ६५ वर्षे आणि जनरल स्टाफ प्रमुखाची ६७. शिवाय १९७० च्या १३२४ क्रमांकाच्या कायद्यानुसार प्रमुख होण्यासाठी आधी भूदल, नौदल किंवा हवाई दलाचे नेतृत्व केलेले असणे आवश्यक होते. प्रत्यक्षात पद भूदल प्रमुखाकडेच जाई.

भारतात लष्करप्रमुखाचा कार्यकाळ तीन वर्षे किंवा वयाची ६२ वर्षे, यांतले जे आधी येईल तितका. तुर्कस्तानात तसा ठरावीक कार्यकाळ नव्हता, वयच कार्यकाळ ठरवत असे. त्यामुळे जन्मतारखा हाती असल्या की पुढचा प्रमुख कोण आणि किती वर्षे, हे अंकाराचे पत्रकार बरीच वर्षे आधी कागदावर मांडत. बाशबू यांचा जन्म २९ एप्रिल १९४३ चा, अफ्योनचा. एप्रिल २०१० मध्ये ६७ पूर्ण, म्हणजे त्याच ऑगस्टमध्ये निवृत्ती. २००८ मध्ये पद हाती आले तेव्हाच दोन वर्षांनी ते कधी सुटणार हे ठरलेले होते. त्यांच्यानंतरचे इशिक कोशानेर डिसेंबर १९४५ चे, म्हणून ते २०१३ पर्यंत राहतील असे सगळे धरून चालले होते.

याशच्या बैठकीचे अध्यक्ष तेव्हा पंतप्रधान असत. त्यांच्यासोबत संरक्षणमंत्री हे एकच दुसरे नागरी सदस्य, बाकी सगळे चार ताऱ्यांचे जनरल आणि ॲडमिरल. मतदान झाले तर निकाल काय लागणार हे उघड होते. पण सर्वात वरच्या नेमणुकांना पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष यांच्या सह्या लागत. अनेक दशके ही सही उपचार मानली गेली होती. कायद्यात ती उपचार नव्हती, हे २०१० मध्ये कळले.

बाशबू यांची वाट

१९६२ मध्ये ते अंकाराच्या भूदल अकादमीतून, हार्बियेतून, बाहेर पडले. त्याच वर्षी फेब्रुवारीत अकादमीचे प्रमुख कर्नल तलत आयदेमीर यांनी कॅडेटना हाताशी धरून बंडाचा प्रयत्न केला होता. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्यांदा तेच केले, तेव्हा जवळपास दीड हजार कॅडेटना काढून टाकण्यात आले. त्या पिढीच्या अधिकाऱ्यांनी सैन्याचे राजकारणातले वजन पाहिले आणि बंड फसले तर काय होते हेही पाहिले. पायदळातली सुरुवातीची वर्षे झाल्यावर १९७३ मध्ये बाशबू स्टाफ अधिकारी झाले. तुर्की सैन्यात वरची शिडी जवळपास याच शिक्क्यावर अवलंबून असते. बेल्जियममध्ये नाटोच्या मुख्यालयातही त्यांनी काम केले. १९८९ मध्ये ते ब्रिगेडियर जनरल झाले.

२००२ मध्ये पूर्ण जनरल, २००३ ते २००५ जनरल स्टाफचे उपप्रमुख, २००५ मध्ये इस्तंबूलच्या पहिल्या सैन्याचे सेनापती, २००६ मध्ये भूदल प्रमुख, २००८ मध्ये सर्वोच्च पद. यातली २००६ ची पायरी नाजूक होती. पूर्ण जनरल म्हणून चार वर्षे भरत होती. दल-प्रमुखाचे पद मिळाले नसते तर ‘जागा नाही’ हेच उत्तर समोर होते. उपप्रमुखाच्या खुर्चीत त्यांची ओळख अभ्यासू, मोजून बोलणारा आणि अमेरिकनांशी इराकच्या प्रश्नावर वाटाघाटी करणारा अधिकारी अशी झाली. त्यांच्या आधीचे याशार ब्युकानित यांच्या काळात, २७ एप्रिल २००७ च्या रात्री, जनरल स्टाफच्या संकेतस्थळावर राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीबद्दल इशाऱ्याचे निवेदन चढवले गेले. मतदारांनी जुलैच्या निवडणुकीत पंतप्रधान एर्दोआन यांच्या पक्षाला आणखी बळ दिले आणि अब्दुल्ला ग्यूल राष्ट्राध्यक्ष झाले. म्हणजे बाशबू यांना पद मिळाले तेव्हा सैन्याचा धाक उघडपणे वापरून संपला होता.

पदावरची दोन वर्षे

त्यांच्या आगमनाआधीच, १२ जून २००७ रोजी, इस्तंबूलच्या उम्रानिये भागातल्या एका घरात २७ हातबॉम्ब सापडले होते. त्यातून सरकार उलथण्याचा कट रचल्याचा आरोप असलेल्या ‘एर्गेनेकोन’ नावाच्या गुप्त संघटनेचा खटला उभा राहिला. तो चालवणारी न्यायालये खास अधिकारांची होती. पोलीस, सरकारी वकील आणि न्यायाधीश यांत धर्मगुरू फेतुल्ला गुलेन यांच्या चळवळीची माणसे मोठ्या संख्येने होती आणि त्या काळात सरकार त्यांच्या पाठीशी होते. आज हे सरकारही नाकारत नाही.

बाशबू यांनी ठरवले की सैन्याची बाजू स्वतः मांडायची. पत्रकार परिषदा, लांब भाषणे, दूरचित्रवाणी. १४ एप्रिल २००९ च्या हार्प (युद्ध) अकादमीतल्या भाषणात त्यांनी अतातुर्क यांच्या शब्दांचा आधार घेत ‘तुर्कस्तानची जनता’ हा सगळ्या वंशांना सामावणारा शब्दप्रयोग केला. कुर्द प्रश्नाच्या संदर्भात एका जनरल स्टाफ प्रमुखाकडून ते मोठे पाऊल होते आणि त्याचे श्रेय त्यांना पुरेसे मिळाले नाही. पण इराक सीमेजवळच्या आक्त्युत्युन चौकीवर ऑक्टोबर २००८ मध्ये कुर्द बंडखोरांनी केलेल्या हल्ल्यानंतर, ज्यात १७ सैनिक मारले गेले, त्यांनी प्रसारमाध्यमांना ‘योग्य बाजूला उभे राहा’ अशा अर्थाचा दम दिला. चौकशीचे प्रश्न विचारणाऱ्यांना तो आवाज २००७ च्या निवेदनाचाच वाटला.

त्यांची खरी चूक पुराव्याच्या हाताळणीत झाली. १२ जून २००९ रोजी ‘ताराफ’ दैनिकाने सरकार आणि गुलेन चळवळ यांच्याविरुद्धची एक कथित कृती योजना छापली. तिच्यावर नौदलातले कर्नल दुर्सुन चिचेक यांची सही असल्याचे सांगितले गेले. हाती फक्त छायाप्रत होती. लष्करी सरकारी वकिलांनी पुढे काही नाही असे ठरवल्यावर २६ जूनला बाशबू यांनी पत्रकारांसमोर तिला ‘कागदाचा तुकडा’ म्हटले. त्याआधी एप्रिलमध्ये, जमिनीत पुरलेली रणगाडाविरोधी अस्त्रे सापडल्याच्या बातमीवर, त्या रिकाम्या नळ्या असल्याचे त्यांनी सांगितले होते. ऑक्टोबर २००९ मध्ये निनावी पत्रासोबत त्याच योजनेची शाईची सही असलेली प्रत सरकारी वकिलांकडे पोहोचली. कागद खरा की बनावट, हा प्रश्न तांत्रिक तपासणीचा होता. पण लोकांसमोर तो ‘प्रमुखांनी जूनमध्ये काय म्हटले होते’ असा बनला. सर्वोच्च अधिकारी कागदाबद्दल मत देतो तेव्हा कागद आणि अधिकारी एकमेकांना बांधले जातात. त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतंत्र, बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणीची मागणी लावून धरली असती, तर कर्नलच्या सहीचा वाद त्यांच्या विश्वासार्हतेचा वाद झाला नसता.

तपासणीत काय दडलेले असते, हे शेजारच्या ‘बाल्योझ’ खटल्यात दिसले. २० जानेवारी २०१० ला ‘ताराफ’ने छापलेल्या बंडाच्या त्या कथित कटाची (मशिदींवर बॉम्ब टाकणे हा त्याचा भाग असल्याचा आरोप होता) कागदपत्रे २००३ ची असल्याचे सांगितले जात होते. त्यांतल्या फायलींत ऑफिस २००७ सोबत आलेल्या कॅलिब्री टंकाच्या खुणा मिळाल्या. २००३ मध्ये त्या नावाने अस्तित्वातच नसलेल्या संस्थांची नावेही सापडली. बाशबू यांनी मात्र २५ जानेवारीला भावनेचा मार्ग घेतला: ‘अल्ला अल्ला’ म्हणत चढाई करणारे सैन्य मशिदीवर बॉम्ब कसा टाकेल? प्रश्न मनापासूनचा होता, पण न्यायालयातल्या फायलीला त्याचा काहीच उपयोग नव्हता.

२६ जून २००९ ची आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पत्रकार परिषदेच्या आदल्या रात्री संसदेत ५९१८ क्रमांकाचा कायदा मंजूर झाला होता. त्याने शांतताकाळात सैनिकांवर काही गुन्ह्यांसाठी नागरी न्यायालयांत खटले चालवण्याचा मार्ग खुला केला. विरोधी पक्षांनाही त्याचा अर्थ नंतर उमगला. जानेवारी २०१० मध्ये घटना न्यायालयाने ती तरतूद रद्द केली, पण त्याच वर्षी सार्वमताने घटनाच बदलली. प्रमुख एका कागदावर बोलत असताना त्यांच्या पायाखालचे न्यायक्षेत्र सरकले होते.

ऑगस्ट २०१०: घाव कसा बसला

आता तारखा शेजारी ठेवून वाचा. २३ जुलै २०१० रोजी इस्तंबूलच्या दहाव्या फौजदारी न्यायालयाने बाल्योझ खटल्यात १०२ संशयितांवर अटक वॉरंट काढले. त्यांत सेवेतले जनरल आणि ॲडमिरल होते. याशची बैठक १ ऑगस्टला सुरू झाली आणि ४ ऑगस्टला संपली. ६ ऑगस्टला दुसऱ्या न्यायालयाने ती वॉरंट उठवली. मधल्या दोन आठवड्यांत कोणी दोषी ठरले नाही, कोणाची साक्ष झाली नाही. पण बढतीच्या यादीतल्या ११ जणांची बढती अडली. ज्यांची मुदत त्या वर्षी भरत होती, त्यांच्यासाठी ही अडवणूक निकालासारखीच होती. बढतीच्या निर्णयावर न्यायालयात दाद मागायची सोय तेव्हा नव्हती. पुढच्याच महिन्यातल्या घटनादुरुस्तीने हकालपट्टीविरुद्ध दाद मागता येऊ लागली, तरी बढती आणि ‘जागा नाही’ ही दोन कारणे त्यातून वगळलेलीच राहिली.

त्याच बैठकीत दुसरा पेच होता. बाशबू आणि कोशानेर यांची ठरलेली व्यवस्था अशी: कोशानेर प्रमुख, पहिल्या सैन्याचे सेनापती हसन ईसिझ भूदल प्रमुख. बैठक चालू असताना ईसिझ यांना ‘इंटरनेट टिपण’ प्रकरणात संशयित म्हणून जबाबासाठी बोलावणे आले. जनरल स्टाफने सरकारविरोधी प्रचारासाठी संकेतस्थळे चालवली, असा तो आरोप. एर्दोआन यांनी ईसिझ यांच्या नावाला नकार दिला. पुढचे नाव जेंडार्मरीचे, म्हणजे ग्रामीण भागातल्या लष्करी पोलीस दलाचे, प्रमुख आतिला इशिक यांचे. त्यांनी पद घेण्याऐवजी निवृत्ती मागितली. शेवटी एर्दाल जेयलानोलू भूदल प्रमुख झाले आणि कोशानेर प्रमुख. सैन्याने अनेक वर्षे आधी आखलेली वारसांची रांग चार दिवसांत मोडली, तीही एका समन्समुळे. ईसिझ यांना पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये अटक झाली.

हे यशस्वी झाले याचे कारण सैन्याकडे पर्यायी वेळ नव्हती. नागरी नोकरशाहीत बढती पुढे ढकलता येते. इथे ३० ऑगस्ट गेला की माणूस गेला.

कोशानेर यांनी पुढच्या याशच्या तोंडावर, २९ जुलै २०११ रोजी, भूदल, नौदल आणि हवाई दल प्रमुखांसह राजीनामा दिला. तुरुंगातल्या अधिकाऱ्यांचे हक्क जपता येत नाहीत हे त्यामागचे कारण. राजीनाम्याने सरकार हादरेल हा हिशेब चुकला. जेंडार्मरी प्रमुख नेजदेत ओझेल एकटे उरले होते, पण १९७० च्या कायद्यातली दल-प्रमुखपदाची अट आडवी येत होती. म्हणून त्यांना आधी भूदल प्रमुख केले गेले आणि लगेच जनरल स्टाफचा कार्यभार दिला गेला. नियम पाळला, फक्त दोन वर्षांची पायरी काही तासांत चढवली. या चौघांनी स्वतःच जागा रिकाम्या करून दिल्या, असे आमचे मत आहे. नाराजी योग्य होती, मार्ग सरकारच्या सोयीचा होता.

तुरुंग आणि सुटका

५ जानेवारी २०१२ ला बाशबू यांना इस्तंबूलला संशयित म्हणून बोलावले गेले आणि रात्री उशिरा अटकेचा आदेश निघाला. आरोप त्याच इंटरनेट टिपणातून आलेले: सशस्त्र संघटनेचे नेतृत्व आणि सरकार उलथण्याचा प्रयत्न. बचावाचा पहिला मुद्दा अधिकारक्षेत्राचा होता. सप्टेंबर २०१० च्या सार्वमताने घटनेच्या १४८व्या कलमात स्पष्ट लिहिले गेले होते की जनरल स्टाफ प्रमुखाच्या पदासंबंधीच्या गुन्ह्यांचा खटला घटना न्यायालय ‘युजे दिवान’, म्हणजे सर्वोच्च पदाधिकाऱ्यांचे खटले चालवणारे न्यायपीठ, म्हणून चालवेल. खास न्यायालयाने म्हटले, हा गुन्हा पदासंबंधीचा नाहीच. प्रमुखाच्या कार्यालयातल्या टिपणावरून खटला चालवायचा आणि त्याच वेळी पदाशी संबंध नाही म्हणायचे, ही विसंगती पुढे वरच्या न्यायालयात टिकली नाही. त्या वेळी मात्र ती चालली. बाशबू यांनी या न्यायालयासमोर बचाव करायलाच नकार दिला. खटला एर्गेनेकोनमध्ये मिसळला गेला आणि ५ ऑगस्ट २०१३ रोजी, २७५ आरोपींच्या निकालात, त्यांना जन्मठेप झाली.

सुटकेचा मार्ग दोन ठिकाणांहून आला. डिसेंबर २०१३ मध्ये मंत्र्यांच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचलेल्या भ्रष्टाचाराच्या तपासाने सरकार आणि गुलेन चळवळ उघड शत्रू झाले. त्यानंतर खास न्यायालये बंद करणारा कायदा आला. दुसरा मार्ग प्रक्रियेचा. २०१० च्या त्याच सार्वमताने नागरिकाला घटना न्यायालयाकडे थेट वैयक्तिक अर्ज करण्याचा हक्क दिला होता आणि सप्टेंबर २०१२ पासून तो वापरात होता. निकाल लागून सात महिने झाले तरी कारणांसह निकालपत्र लिहिलेले नव्हते. ते नसल्यामुळे अपील करता येत नव्हते आणि सुटकेच्या अर्जाची खरी तपासणीही होत नव्हती. ६ मार्च २०१४ ला घटना न्यायालयाने हा स्वातंत्र्याच्या हक्काचा भंग ठरवला. दुसऱ्या दिवशी बाशबू २६ महिन्यांनी बाहेर आले. दोषी की निर्दोष या वादात न शिरता, न लिहिलेल्या निकालपत्रावर बोट ठेवून मिळालेली ही सुटका. वकिलांनी हा मुद्दा निवडला यात त्यांचे कौशल्य दिसते.

बाल्योझचे २३६ आरोपी मार्च २०१५ मध्ये निर्दोष सुटले. एप्रिल २०१६ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने एर्गेनेकोनचा निकाल रद्द केला आणि बाशबू यांचा खटला युजे दिवानसमोरच चालायला हवा होता असे म्हटले. एर्गेनेकोन तपासाचे प्रमुख सरकारी वकील झेकेरिया ओझ त्याआधीच, ऑगस्ट २०१५ मध्ये, देश सोडून पळाले होते.

रिकाम्या जागा कोणी भरल्या

या खटल्यांमुळे रिकाम्या झालेल्या जागांवर त्याच याशच्या यादीतून दुसरे अधिकारी आले, काही तर वेळेआधी. १५ जुलै २०१६ च्या रात्री बंडाचा प्रयत्न झाला, प्रमुख हुलुसी आकार यांना त्यांच्याच मुख्यालयातून उचलून आकिंजी हवाई तळावर नेले गेले. २७ जुलैच्या अध्यादेशाने १४९ जनरल आणि ॲडमिरल एका फटक्यात बडतर्फ झाले. त्यांतले अनेक जण २०१० नंतरच्या वर्षांत वर आले होते. त्या वर्षीची याश प्रथेप्रमाणे जनरल स्टाफच्या मुख्यालयात न भरता पंतप्रधानांच्या चांकाया निवासस्थानी झाली, एका दिवसात उरकली. लगोलग परिषदेत उपपंतप्रधान आणि न्याय, परराष्ट्र, अंतर्गत खात्यांचे मंत्री आणले गेले. गणवेशातले बहुमत संपले. तिन्ही दले संरक्षण मंत्रालयाच्या थेट अखत्यारीत गेली, लष्करी माध्यमिक शाळा बंद झाल्या.

२०१८ मध्ये जनरल स्टाफ प्रमुखही संरक्षणमंत्र्यांच्या अखत्यारीत आला आणि आधी दल-प्रमुख असण्याची जुनी अट निघून गेली. ऑगस्ट २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाच्या सैन्याचे सेनापती मेतिन ग्युराक भूदलाचे नेतृत्व न करताच थेट सर्वोच्च पदावर बसले. त्यांच्या जागी २०२५ मध्ये आलेले सेल्चुक बायराक्तारोलू मात्र भूदल प्रमुखपदावरून आले. दोन्ही नेमणुका ऑगस्टच्याच याशमध्ये झाल्या. जन्मतारखा अजूनही मांडता येतात, पण त्यांवरून पुढच्या प्रमुखाचे नाव आता काढता येत नाही.